कला आणि माध्यम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीसाठी पन्नास लाख रुपये घालावेत का?

प्रायोगिकवाली, पुणे

नमस्कार. पुण्यातील एका प्रायोगिक नाट्यसंस्थेचे व्यवस्थापन मी गेली पाच वर्षे पाहत आहे. व्यवस्थापन हा शब्द जरा भारदस्त वाटेल, पण प्रत्यक्षात सभागृहाच्या तारखा मिळवणे, नेपथ्याचा टेम्पो वेळेवर हजर करणे, तिकिटांचा हिशोब जुळवणे, लेखकाचे मानधन पोहोचवणे आणि प्रयोगाच्या दिवशी चहा कमी पडू न देणे, हे सगळे त्यातच येते. माझे शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे असून वय २७ आहे. सकाळी मी एका खासगी कंपनीत हिशोबाचे काम करते आणि संध्याकाळी नाटकाचे.

प्रश्न समजावा म्हणून आमच्या एका प्रयोगाचा हिशोब मांडते. सभागृह दीडशे खुर्च्यांचे, तिकीट २०० रुपयांचे, आणि सरासरी नव्वद तिकिटे विकली जातात, म्हणजे जमा १८,००० रुपये. सभागृहाचे भाडे, प्रकाश आणि ध्वनी, टेम्पो, जाहिरात, लेखकाचे मानधन आणि खाणेपिणे मिळून खर्च २३,००० रुपयांच्या आसपास जातो. कलाकार एक रुपयाही घेत नाहीत, तरीही दर प्रयोगाला पाच हजारांची तूट येते आणि ती आमच्या संस्थेचे ज्येष्ठ दिग्दर्शक स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भरतात. हे फार काळ चालणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

यातून वाट काढावी म्हणून गेल्या वर्षी आम्ही एका नाटकाचे चित्रीकरण करून ते यूट्यूबवर ठेवले. आठवड्याभरातच दिवंगत लेखकाच्या कुटुंबीयांचे पत्र आले की प्रयोगाची परवानगी दिली होती, चित्रीकरणाची नव्हे. चूक आमचीच होती. चित्रफीत काढून टाकली, क्षमा मागितली आणि छायाचित्रणावर झालेला खर्च पाण्यात गेला.

आपल्याला या क्षेत्रातले काहीही रीतसर ठाऊक नाही, याची जाणीव मला त्या पत्राने करून दिली. म्हणून मी लंडनच्या एका विद्यापीठात कला आणि माध्यम व्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आणि प्रवेशही मिळाला. शुल्क २६,००० पौंड आहे आणि राहण्याजेवण्याचा खर्च धरला तर आकडा पन्नास लाख रुपयांच्या घरात जातो. बाबा निवृत्त झाले आहेत आणि राहते घर तारण ठेवायला ते तयार आहेत. मी मात्र तयार आहे की नाही, हे मला कळत नाही. जागा राखण्यासाठीची अनामत रक्कम महिनाअखेरीपर्यंत भरायची आहे. या पदवीला आपल्याकडे खरोखर काही किंमत आहे का, जर्मनीत हेच शिक्षण जवळजवळ फुकट मिळते हे खरे का, आणि भारतातच राहून हे शिकण्याचा काही मार्ग आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी स्पष्ट लिहावे, ही विनंती.

तिसरी घंटा, दादर

मी व्यावसायिक नाटकांच्या व्यवस्थापनात तीस वर्षांहून अधिक काळ आहे. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत निर्मात्याच्या नावाखाली 'सूत्रधार' म्हणून जे नाव छापतात, ते काम मी करतो. माझ्याकडे या विषयातली पदवी नाही आणि तिच्यावाचून माझे काही अडलेले नाही. तरीही तुम्हाला सरळ 'जाऊ नका' असे सांगण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील.

आमच्या धंद्यात पैसा एकाच वाटेने येतो, आणि ती वाट म्हणजे बुकिंगची खिडकी. प्लॅन, म्हणजे विक्रीसाठीचा खुर्च्यांचा आराखडा, उघडला की पहिल्या दोन तासांत कुठल्या रांगा भरतात, यावरून नाटकाचे आयुष्य मला कळते. पुढच्या रांगा भरल्या आणि बाल्कनी ओस राहिली, तर नाटकाला नावाचा प्रेक्षक आहे पण घरचा नाही. बाल्कनी आधी भरली, तर दर चुकले आहेत. आता बरीचशी तिकिटे मोबाइलवर जातात, तरी मी कागदी प्लॅन अजून जवळ ठेवतो, कारण कुठली खुर्ची कधी गेली हे पडद्यावर दिसत नाही, माझ्या रंगीत पेन्सिलीच्या खुणांवरून दिसते. कलाकारांची नाइट (दर प्रयोगाचे मानधन), कंत्राटी म्हणजे एकरकमी विकलेल्या प्रयोगाचा भाव, शनिवार-रविवारच्या तारखांसाठी करावी लागणारी आर्जवे आणि दौऱ्यावर बंद पडलेली बस, हे कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत आणि शिकवूही नये, कारण दर पाच वर्षांनी ते बदलते.

एक साधे उदाहरण देतो. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. त्यापुढे एक रुपया गेला की पूर्ण तिकिटावर १८ टक्के लागतो. म्हणजे ५०० चे तिकीट ५५० केले, तर त्यातले सुमारे ८४ रुपये करात जातात आणि निर्मात्याच्या हाती ४६६ रुपयेच उरतात. दर वाढवून उत्पन्न घटल्याचा हा चमत्कार मी एका नवख्या निर्मात्याला कागदावर मांडून दाखवला, तेव्हा त्याने आधीच छापून आणलेले फलक बदलले.

तेव्हा व्यावसायिक रंगभूमीवर यायचे असेल, तर पन्नास लाख लंडनला घालू नका. त्यातल्या थोड्याशा पैशांत एका चांगल्या निर्मात्याकडे दोन वर्षे उमेदवारी करा. पण तुमचे दुखणे वेगळे आहे. तुमचे नाटक खिडकीवर कधीच फिटणार नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी पैशावर चालावे लागेल, आणि तो पैसा रीतसर मागायचा कसा, हे मला येत नाही. आपल्याकडे ही विद्या नव्हतीच असे नाही. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आणून त्या दुर्मीळपणाची किंमत वसूल करणे, हे निधी उभारण्याचे उत्तम व्यवस्थापनच होते. मात्र ते एका कार्यासाठी, एका रात्रीसाठी झाले. दर महिन्याची तूट तशी भरून निघत नाही.

परतवारी, मुंबई

मी २०२२-२३ मध्ये लंडनमध्ये याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आता मुंबईतील एका सांस्कृतिक संस्थेत काम करते. विद्यापीठाचे आणि संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण दोघांविषयीही काही कडू लिहायचे आहे.

आधी जे मिळाले ते सांगते. पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी आमच्या हातात एका छोट्या नाट्यगृहाचा वार्षिक अहवाल आणि हिशोबपत्रके ठेवली. इंग्लंडमधील नोंदणीकृत धर्मादाय संस्थांचे हिशोब कोणालाही पाहता येतात, त्यामुळे कागद खरे होते. प्रश्न एकच होता: उद्या सरकारी अनुदान थांबले तर हे नाट्यगृह किती महिने तग धरेल? ताळेबंदात राखीव निधी बऱ्यापैकी दिसत होता, म्हणून आमच्यापैकी बहुतेकांनी दीड वर्ष असे उत्तर लिहिले. मग प्राध्यापकांनी त्यातला छप्पर दुरुस्तीसाठी मिळालेला पैसा वजा करायला लावला, मग शालेय उपक्रमासाठी एका विश्वस्त निधीने दिलेला वजा करायला लावला, आणि शेवटी खरोखर हाताशी उरलेली रक्कम सात आठवड्यांच्या पगाराइतकी निघाली. त्या दुपारी मी जे शिकले, ते मुंबईला परतल्यावर आमच्या संस्थेच्या ताळेबंदावर लावले आणि विश्वस्तांच्या बैठकीत शांतता पसरली.

योगायोग असा, की हा धडा चालू असतानाच ४ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या संस्थेने पुढल्या तीन वर्षांची अनुदानाची यादी जाहीर केली. इंग्लिश नॅशनल ऑपेरा त्या यादीतून वगळला गेला आणि लंडनबाहेर तळ हलवला तरच पैसे मिळतील, असे त्याला सांगण्यात आले. डॉनमार वेअरहाऊससारख्या नामवंत नाट्यगृहाचे नियमित अनुदान तर पूर्ण गेले. आमच्या वर्गात त्या यादीची अक्षरशः चिरफाड झाली. अनुदान जाण्याची चाहूल कुठल्या कागदात आधी लागू शकली असती, हा माझ्या प्रबंधिकेचा विषय तिथेच ठरला.

तुमच्या पाच हजारांच्या तुटीविषयीही सांगावेसे वाटते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडले, की कारखान्यात यंत्रांमुळे तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो आणि त्यामुळे मजुरी वाढते, पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वीही चार माणसे लागत होती आणि आजही तेवढीच लागतात. बाहेरचे भाव आणि पगार वाढत जातात, तसा प्रयोगाचा खर्च वाढतो. उत्पादन मात्र वाढू शकत नाही. तुमच्या दोन तासांच्या नाटकाला टेम्पोवाला आणि प्रकाशयोजनाकार दरवर्षी महाग होणार आणि खुर्च्या दीडशेच राहणार. तेव्हा ती तूट तुमच्या नालायकीतून आलेली नाही. ती या प्रकारच्या कामाच्या पोटातच आहे, आणि ती गृहीत धरून पैसा कुठून आणायचा, यावरच आमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग होता.

आता कडू भाग. सगळी उदाहरणे ब्रिटिश होती. दक्षिण आशिया एका तासिकेत उरकला, तोही बॉलीवूडच्या नावाने. माध्यम व्यवस्थापनाच्या नावाखाली जे शिकवले, त्यात चित्रवाणी आणि ऑनलाइन मंचांचे हक्कव्यवहार उत्तम होते, पण समाजमाध्यमांवरचा भाग आपल्याकडचे कॉलेजचे विद्यार्थी सुटीत शिकतात तेवढाच होता. ज्या संस्थेत प्रत्यक्ष कामासाठी पाठवले, तिथे मी दहा आठवडे पाहुण्यांच्या याद्या टंकलिखित केल्या.

तिथेच नोकरी करून कर्ज फेडीन, असा विचार असेल तर तो सोडा. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा दोन वर्षांचा मुक्काम १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षांवर आला आहे. त्यापुढे राहायचे तर कुशल कामगाराचा व्हिसा लागतो आणि त्याची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवोदितांना काही सवलत मिळते, तरीही नाट्यगृहातली सुरुवातीची नोकरी तिथवर पोहोचणे कठीण आहे. मी तीस लाखांचे कर्ज दहा वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी घेतले होते. दरमहा हातात पासष्ट हजार येतात आणि साडेचाळीस हजारांचा हप्ता जातो. मी अजून आईवडिलांच्या घरी राहते, म्हणून हे निभते आहे.

पदवीचा पश्चात्ताप मला नाही, कर्जाचा आहे. तुमच्या जागी मी असते, तर विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती केली असती आणि चेवनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असता. ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि प्रवास यांचा भार उचलते. त्यासाठी किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि विनामोबदला केलेले कामही त्यात धरता येते. शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट आहे, जी तुमच्यासाठी अट नव्हेच. अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास घेतले जातात. ती नाही मिळाली, तर जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट हा निधी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. त्याने सगळा खर्च निघणार नाही, पण तारण ठेवायच्या रकमेतून काही भाग नक्की कमी होईल.

एल्बकाठची, हाम्बुर्ग

जर्मनीविषयी थोडक्यात लिहिते. येथील संगीत आणि नाट्य विद्यापीठाचा एक स्वतंत्र विभाग कला आणि माध्यम व्यवस्थापन याच नावाचा आहे. मी तिथली विद्यार्थिनी नाही, पण तिथून शिकलेल्या दोघांबरोबर एका संगीतमहोत्सवाच्या कचेरीत काम करते. सरकारी विद्यापीठांच्या नियमित अभ्यासक्रमांत बहुतेक राज्यांमध्ये शिक्षणशुल्क नसते आणि दर सत्राला काही शे युरोंची वर्गणी भरावी लागते, हे खरे आहे. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. नोकरदारांसाठी आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही शुल्क असते, आणि कला व्यवस्थापनाचे बरेच अभ्यासक्रम नेमके त्या वर्गात मोडतात. तेव्हा 'जर्मनीत फुकट' हे वाक्य प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर जाऊन तपासावे.

शिवाय व्हिसासाठी ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरून दाखवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन दूतावासाच्या एपीएस या कक्षाकडून शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. आणि खरी किंमत पैशात नाहीच, भाषेत आहे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाचे शिक्षण जर्मनमध्ये होते, आणि इंग्रजीवर भागवलेत तरी नोकरीच्या दाराशी अडकाल. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, पुढे दोन वर्षे शिकवलीही, तरी इथल्या नगरपालिकेच्या अनुदानाचा पहिला अर्ज भरताना शब्दकोश घेऊन बसले होते. शून्यापासून सुरुवात केलीत, तर किमान दोन वर्षे भाषेची धरा.

इथल्या अभ्यासक्रमाचा पाया सरकारी अनुदान हा आहे. सार्वजनिक नाट्यगृहांच्या खर्चाचा पाचवा हिस्सासुद्धा तिकिटांतून आणि इतर कमाईतून निघत नाही. बाकी शहर आणि राज्य देते. त्यामुळे व्यवस्थापकाचे कौशल्य प्रेक्षक ओढण्याइतकेच राजकारण्यांना पटवण्यात लागते. एल्बफिलहार्मोनी या आमच्या संगीतगृहात शहराचा वाटा सुरुवातीला ७.७ कोटी युरो सांगितला गेला होता आणि जानेवारी २०१७ मध्ये ते उघडले तेव्हा तो ७८.९ कोटींवर पोहोचला होता. करार कसा करू नये, याचा धडा म्हणून ते उदाहरण इथे वर्षानुवर्षे शिकवले जाते. इमारत मात्र देखणी आहे आणि खर्चाविषयी बोटे मोडणारे शेजारीही पाहुण्यांना आधी तिथेच नेतात.

तो पायाही आता डळमळतो आहे. बर्लिन राज्याने २०२५ च्या सांस्कृतिक अंदाजपत्रकातून सुमारे १३ कोटी युरो कापले. ज्या देशांच्या अनुदान-व्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी तुम्ही येणार, तिथले व्यवस्थापक आता देणगीदारांच्या मागे लागायला शिकत आहेत, आणि ते तर तुम्हाला पुण्यातही करायचेच आहे.

ताळेबंद, कोथरूड

मी सनदी लेखापाल आहे आणि तीन-चार सांस्कृतिक संस्थांचे हिशोब तपासतो. वरील चर्चेत एक मूलभूत प्रश्न कोणी विचारला नाही. तुमची संस्था कायद्याच्या दृष्टीने नेमकी काय आहे? १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्रात ती धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेली असते. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला आहे का? प्राप्तिकर खात्याची धर्मादाय नोंदणी आहे का? देणगीदाराला सवलत देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता आहे का? या चारांपैकी एक कागद नसेल, तर लंडनमध्ये निधी उभारणीत विशेष प्रावीण्य मिळवून आलात, तरी निधी ठेवायला जागा नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, यालाच सीएसआर म्हणतात. त्या कामांची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात कला आणि संस्कृतीचा स्पष्ट उल्लेख आहे. पाच कोटींच्या नफ्याची अट पाहा. ती मोठ्या उद्योगसमूहांपुरती नाही, चाकण आणि पिरंगुटच्या पट्ट्यातले सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने तिच्यात बसतात. मात्र पैसे घेणाऱ्या संस्थेकडे वरच्या दोन्ही प्राप्तिकर नोंदण्या, सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. अनुभव तुमच्याकडे आहे. कागदांचे काय, ते कळवा.

चित्रीकरणाच्या प्रकरणाविषयी दोन वाक्ये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात प्रयोग करण्याचा, चित्रीकरण करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क वेगवेगळा आहे, शिवाय नटांचाही स्वतःच्या प्रयोगावर हक्क असतो, म्हणून लेखक आणि नट या दोघांची लेखी संमती हवी. हक्कांच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, त्यामुळे जगभर दिसणाऱ्या यूट्यूबसाठी दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात. हे शिकायला पन्नास लाख लागत नाहीत.

तिसरी घंटा, दादर

ताळेबंद यांचे म्हणणे कागदावर बिनचूक आहे. परंतु कारखान्याचा मालक तो दोन टक्क्यांचा पैसा गावातल्या शाळेला, दवाखान्याला किंवा पाण्याच्या टाकीला देतो, कारण तिथे त्याच्या नावाची पाटी लागते. नव्वद प्रेक्षकांच्या प्रायोगिक नाटकाला तो का देईल? मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा मला चहा पाजून परत पाठवले.

परतवारी, मुंबई

तिसरी घंटा यांचा अनुभव मलाही आला होता. दुसऱ्या वर्षी आम्ही 'नाटकाला मदत करा' असे म्हणणे सोडले. त्याऐवजी जिल्हा परिषदेच्या बारा शाळांत नाट्यशिबिरे घेण्याचा प्रस्ताव दिला, त्यात मुलांची संख्या, शिबिराचे तास, प्रत्येक मुलामागचा खर्च आणि काम कसे मोजणार हे लिहिले, आणि आमच्या दोन नटांचे वर्षभराचे मानधन त्या कामाचा मोबदला म्हणून धरले. पैसे मिळाले. मालकाची पाटी शाळेच्या भिंतीवर लागली आणि आमचे नट संध्याकाळी तालमीला मोकळे झाले. असा प्रस्ताव लिहिण्याची सवय मला लंडनमध्ये लागली, हे कबूल करते. ती इथे कुणाकडून लागू शकली असती का, हे मला सांगता येत नाही. बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडेही पाहावे. ही संस्था १९९५ पासून देशभरातल्या कलाकारांना आणि अभ्यासकांना अनुदाने देते आणि तिचा अर्ज भरताना आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे स्वतःलाच नीट विचारावे लागते. मी परदेशी जाण्यापूर्वी तो एकदा भरला होता. अनुदान मिळाले नाही, पण विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहिलेले निवेदन त्याच मसुद्यातून आले.

भारतात राहूनच पदवी घ्यायची असेल, तर अहमदाबादची माइका आणि पुण्यातली सिंबायोसिस या संस्था माध्यम आणि संज्ञापन व्यवस्थापन शिकवतात. मात्र तिथला कल जाहिरात, ब्रँड आणि माध्यमकंपन्यांकडे आहे. दीडशे खुर्च्यांचे सभागृह त्यांच्या नकाशावर नाही.

प्रायोगिकवाली, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. ताळेबंद यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला काल संस्थेचे लोखंडी कपाट उघडले. सोसायटीची नोंदणी आहे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आहे. शेवटचा चेंज रिपोर्ट मात्र २०१७ सालचा निघाला आणि त्यात ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. प्राप्तिकराची धर्मादाय नोंदणी कधी केलीच नव्हती. म्हणजे देणगी मागायला गेलो असतो, तर पावती पुस्तकाशिवाय आमच्या हाती काहीही नव्हते.

बाबांशी आणि आमच्या दिग्दर्शकांशी बोलून असे ठरवले आहे, की अनामत रक्कम भरायची नाही आणि घर तारण ठेवायचे नाही. विद्यापीठाला प्रवेश पुढील वर्षापर्यंत राखून ठेवण्याची विनंती आज पाठवली. ते नाही म्हणाले, तर पुन्हा अर्ज करीन. चेवनिंगचा अर्ज यंदा भरणार आहे आणि त्यासाठी गेल्या पाच वर्षांच्या प्रयोगांच्या वह्यांतून कामाचे तास मोजायला बसले आहे. पहिल्या तीन वर्षांतच १,९०० तास झाले, याचे मलाच आश्चर्य वाटले. दरम्यान चेंज रिपोर्टचे आणि प्राप्तिकर नोंदणीचे काम ताळेबंद यांनी सुचवलेल्या क्रमाने सुरू करते. हाम्बुर्गचा विचार तूर्त सोडला आहे. या वयात व्याकरण पाठ करण्याचा धीर माझ्यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

परतवारी यांनी लिहिलेली अनुदान वजा करून पाहण्याची युक्ती मी आमच्या हिशोबावर लावली. अनुदान मुळातच नसल्यामुळे दिग्दर्शकांचे निवृत्तिवेतन वजा केले. संस्था पुढच्या प्रयोगापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. तो कागद त्यांना दाखवावा की नाही, हे अजून ठरवलेले नाही.

तिसरी घंटा यांना एक विनंती आहे. आपला तो कागदी प्लॅन एकदा प्रत्यक्ष पाहायला मिळेल का? आमच्या नव्वद प्रेक्षकांपैकी कोण कुठे आणि का बसतो, हे मी कधीच टिपून ठेवलेले नाही.

तिसरी घंटा, दादर

अवश्य या. शनिवारी आमचा दुपारी चारचा प्रयोग आहे, पण तुम्ही अकरा वाजताच बुकिंगच्या खिडकीपाशी या आणि पडदा वर जाईपर्यंत माझ्या शेजारी बसा. दिग्दर्शकांना तो कागद दाखवा. स्वतःचे पैसे कुठे जातात हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. आणि येताना पेन्सिल आणा, पेन नको. फोनवरून राखून ठेवलेल्या खुर्च्या शेवटच्या तासाभरात सुटतात आणि निम्म्या खुणा खोडून पुन्हा कराव्या लागतात.